शेंडीचा नारळ शोधत जया बुसानभर फिरली

माझी मैत्रीण जया गेली. अटॅक आला आणि ॲम्ब्युलन्स यायच्या आत सगळं खलास.

तेव्हापासून मी एका जागी बसलेली नाही. चहा टाकते, विसरते, पुन्हा टाकते. हे लिहितेय तेही ओट्यापाशी उभी राहूनच.

काल अंत्यसंस्कार झाले. संध्याकाळी अबुधाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या तिच्या घरी, किचनमध्ये, ईशाने मला गाठलं.

ईशा म्हणजे जयाची एकुलती एक लेक. कोरियाला शिकायला गेली आणि तिथल्या मिंजूनशी लग्न करून मोकळी झाली. त्यावरून जया दोन वर्षं तिच्याशी बोलली नव्हती.

"नीतामावशी, बी ऑनेस्ट. आईने मिंजूनला कधी ॲक्सेप्ट केलं का? शी नेव्हर इव्हन सेड हिज नेम."

तेवढ्यात बेल वाजली, माणसं आली. मी पाण्याचे ग्लास भरत राहिले.

ईशा, तुझं उत्तर इथे लिहितेय. मराठी वाचायचा कंटाळा करू नकोस. अडेल तिथे बाबांना विचार.

गेल्या वर्षी जया, शैला आणि मी तुमच्या कोरियात, बुसानला आलो होतो. शैला आमच्याच बिल्डिंगमधली. तिला आणि मला खरं तर जॉर्जियाला जायचं होतं, बर्फ बघायला. पण जया म्हणाली, "कोरिया."

आम्ही का म्हणून विचारलं नाही. माहीतच होतं.

तुझा मेसेज आला होता. संध्याकाळी डिनरला भेटू, नो ड्रामा प्लीज.

संध्याकाळपर्यंत करायचं काय? बाईला सकाळपासून धीर नाही. त्यात तिला आठवलं, नारळ राहिला!

कोर्टात लग्न केलेल्या लेकीची ओटी भरायची होती तिला. खण, तांदूळ, हळदकुंकू, सगळं अबुधाबीहून आणलेलं. नारळ मात्र मीच घरी ठेवायला लावला होता, कस्टमवाले अडवतील म्हणून.

"तुझ्यामुळे झालं हे. आता शोध."

"अगं, समुद्रकाठचं शहर आहे. मिळेल की."

हे बोलले आणि अडकले. रत्नागिरीच्या बाईला समुद्र म्हटलं की माड दिसतात. बुसानला समुद्र आहे, लांबच लांब वाळू आहे, वाळूला लागून उंचच उंच इमारती आहेत. माड औषधालाही नाही.

मग शैलाने शोधून काढलं की समुद्रातल्या खडकांवर एक देऊळ आहे. जयाचा चेहरा उजळला.

"देऊळ आहे म्हणजे बाहेर नारळवाला असणारच!"

बुद्धाचं देऊळ होतं ते. बाहेर दुकानांची रांग होती, नाही असं नाही. सुकवलेलं समुद्री शेवाळ, काडीला लावलेले फिशकेक, छत्र्या. जयाने बुद्धाला हात जोडले आणि लगेच, "यल्ला, चला पुढे."

लाटा खडकांवर आपटत होत्या, बघत राहावं असं सगळं. शैलाने कसाबसा एक फोटो काढला. त्यात जयाची पाठ आहे.

मग डोंगरावरची रंगीत घरांची वस्ती. का, तर तिथल्या एका दुकानाच्या पाटीवर नारळाचं चित्र आहे असं जयाला इंटरनेटवर दिसलं. पायऱ्या चढून माझे गुडघे गेले. दुकान आइस्क्रीमचं निघालं.

मासळी बाजारात तर तिने फोनवर बोटाने नारळ काढला, शेंडीसकट. कोळणीने चित्र नीट निरखलं आणि पाण्यातून एक जिवंत ऑक्टोपस उचलून आमच्यासमोर धरला.

शैला हसून हसून खाली बसली. जया हसली नाही.

"ईशा आलीच नाही तर गं?"

हे तिने त्या दिवशी इतक्यांदा विचारलं की शेवटी आम्ही उत्तर देणं सोडलं.

नारळ अखेर बीचजवळच्या सुपरमार्केटमध्ये मिळाला. सोललेला, पांढराफटक, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, सोबत स्ट्रॉ.

"याला शेंडी कुठाय?" जया रडकुंडीला आली.

"घे आता आहे तो," मी ओरडले. माझाही जीव थाऱ्यावर नव्हता.

तू आलीस. त्याला घेऊन आलीस.

मिंजून कमरेतून वाकला. जयाने "हां, हां, बस" म्हटलं आणि त्याच्याकडे धड बघितलंही नाही. हॉटेलातल्या खुर्चीवरच तुझी ओटी भरली. तू मफलर पदरासारखा पुढे धरलास.

"आई, हा प्यायचा नारळ आहे."

तेव्हा कुठे तुम्ही दोघी हसलात.

मग बांगडा आला. अख्खा, भाजलेला. तू मला तुझ्या ऑफिसचं काहीतरी सांगत होतीस. जयाने सवयीने एक तुकडा पुढे ओढला आणि काटे काढायला घेतले. कॉलेजात जाईपर्यंत तुला मासा काटे काढूनच लागायचा. बाबा चिडवायचे, तरी ती काढायची.

काटे काढून झाल्यावर तुला द्यायला तिने मान वर केली.

तुझ्या ताटलीत साफ केलेला बांगडा आधीच होता. मिंजून चॉपस्टिकने एकेक काटा उपसून कडेला ठेवत होता. कोणाला दाखवायला नाही. तुझं तर लक्षही नव्हतं, तू बोलत होतीस आणि खात होतीस.

जयाचा हात तसाच थांबला.

मग तिने तो तुकडा मिंजूनच्या ताटलीत ठेवला.

तुला हे दिसलं नाही, ईशा. मला दिसलं.

परत जाताना जया दिवसभरात पहिल्यांदाच सावकाश चालत होती.

"नीता, तो तिला काटे काढून देतो गं."

मग म्हणाली,

"चांगला आहे मुलगा. पण तिला सांगू नकोस हं इतक्यात. लगेच डोक्यावर बसेल."

जया, मी सांगून टाकलं गं. लेक विचारत होती तुझी.

जा आता निवांत. मनापासून श्रद्धांजली तुला.