विमानाला अकोला थांबा

सांगतो, पण मधे कोणी हसायचं नाही. चहा थंड झाला तरी चालेल.

नातीचा साखरपुडा मुंबईत होता, संध्याकाळी. मुलानं माझं त्याच दिवशीचं विमानाचं तिकीट काढलं, अमरावती ते मुंबई. बायकोचे गुडघे धरलेले, म्हणून मी एकटाच. नातीनं फोनवर बजावलं होतं, आबा आल्याशिवाय मी पाटावर बसणार नाही. मुलगा म्हणाला, अमरावतीच्या विमानतळावर वेळेआधी पोचा. मी म्हटलं, मला शिकवू नको.

आता तुम्हीच सांगा. मी बार्शीटाकळीचा. अमरावतीहून मुंबईला निघालेली गाडी जन्मभर अकोल्याला पकडली. रेल्वे थांबते, बस थांबते. अकोल्याला विमानतळही आहे, शिवणीला. मग शंभर किलोमीटर उलटं जायचं, विमानात बसायचं आणि परत आपल्याच गावावरून उडत यायचं, हा कुठला शहाणपणा? मी चौथीपर्यंत शिकलो, पण एवढं कळतं. म्हणून कोणाला विचारलंच नाही.

शेजारच्या गजाननची गाडी केली. पांढरं धोतर, नवी टोपी, पिशवीत नातीची साडी. शिवणीला पोचलो तर फाटक बंद. आत खुर्चीवर एक पहारेकरी. त्यानं तिकीट वाचलं, मग मला वाचलं.

"काका, हे तं अमरावतीहून हाय."

"मले माहीत हाय. इथं थांबते न?"

"थांबत नाही. वरून जाते."

"काहून?"

"थे मले काय माहीत? मी फक्त वर पाहतो."

अमरावतीला पोचायला किती वेळ लागेल, विचारलं. तो म्हणाला, विमानानं दहा-पंधरा मिनिटं. पण विमान तिथं आहे, तुम्ही इथं. गाडीनं दोन घंटे धरा.

गजानननं गाडी पळवली. थोड्या वेळानं तो हळूच म्हणाला, काका, एकदा विचारलं असतं तर. मी त्याला रस्त्याकडे पाहून चालव म्हटलं. मूर्तिजापूरला फाटक लागलं. मालगाडी जाता जाईना. मी खाली उतरून उभा राहिलो आणि डोक्यावरून विमान गेलं. मुंबईकडे. त्यात एक खुर्ची माझी होती, पैसे भरलेली. तिकडे पोरगी पाटाशी वाट पाहणार.

आता मुलाला खरं सांगायचं, असं ठरवून फोन काढला, तोच बायकोचा आला.

"अवो, गेलं न आताच आपल्या घरावरून. गल्लीतले सारे लोक पाहून राहिले होते. पोरीलेबी सांगतलं मी, आबा निंगाले."

तेव्हा बोलायला हवं होतं. पण मागं गल्लीतल्या बायांचा आवाज येत होता.

"मले तं तुमी खिडकीतबी दिसले," ती म्हणाली. "टोपी घातली होती न?"

मी डोक्याला हात लावून पाहिला.

म्हटलं, "होती."