रेखानं गाळलेला धडा

बातमी आली तेव्हा मी फळ्यासमोर उभी होते. बदनापुरात स्टेशनच्या रस्त्याला माझा इंग्रजीचा क्लास आहे, स्पर्धा परीक्षा देणाऱ्या पोरापोरींचा. टेबलावरचा फोन सारखा थरथरत होता म्हणून उचलला, तर आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर रेखाचा फोटो आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. कर्ता आणि क्रियापदाचा मेळ शिकवत होते मी. वाक्य अर्धं लिहून झालं होतं. ते पुरं केलं, मग खडू ठेवला... दहाव्याला जालन्यात सगळे मलाच पुढं ढकलत होते. "मंगल, तू बोल. तुझी जिवलग व्हती ती." मी बोलले नाही. माझ्या मनात जे होतं ते तिच्या सासूसमोर बोलण्यासारखं नव्हतं, आणि खोटं गोड बोलणं मला जमत नाही.

रेखा जाफराबादकडची, शिकायला मामाकडे बदनापुरात राहिलेली. मी जवळच्याच खेड्यातली. आमच्या घराण्यात पदवी आणणारी मी पहिली, हे मी अजूनही ताठ मानेनं सांगते. आमच्या घरात तोवर अंगठ्याचा उपयोग एकच, शाई लावून कागदावर टेकवायचा. पदवीनंतर दोघींनी कारकुनाच्या परीक्षेची तयारी सुरू केली. क्लास जालन्याला, आणि दोन-दोन क्लास लावणं दोघींच्याही घरी झेपणारं नव्हतं. मग आम्ही वाटणी केली. तिनं इंग्रजीचा लावायचा, मी गणिताचा, आणि गाडीतून उतरल्यावर बदनापूरच्या फलाटावर शेवटच्या बाकावर बसून एकमेकींना शिकवायचं. आमच्याकडं तेव्हा अशा बऱ्याच जोड्या होत्या. त्यात लिहून-बिहून काही नसायचं. जे ऐकलंस ते सगळं आणून द्यायचं, एवढाच करार.

आणि रेखा शिकवायची काय सुंदर! तिच्या सरांच्या वाक्यांत तिला रस नसायचा, ती आपली वाक्यं करायची. 'द बॉक्स ऑफ मोसंबीज इज हेवी' असं लिहून विचारायची, "सांग, इज का आर?"

"आर. मोसंब्या ढीगभर आहेत ना."

"येडी का खुळी तू?" म्हणत ती मधल्या शब्दांवर अंगठा जरा वाकडा दाबायची. 'ऑफ मोसंबीज' गायब. "आता सांग, जड कोणे? पेटी. मोसंब्या पाहुण्या आल्यात. क्रियापद घरमालकाचं ऐकतंय, पाहुण्यांचं न्हाई."

असं ते डोक्यात बसलं ते बसलं. बदल्यात मी तिला काळ-काम-वेग, नफा-तोटा, सगळं घोटून दिलं. तिला गणिताची धास्ती होती. "मंगे, हे मला मरेस्तोवर जमणार न्हाई," म्हणून ती वही भिरकावायची आणि मी उचलून आणायची. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळीसुद्धा मी तिला नळ आणि टाकीची गणितं समजावत होते. त्याच बाकावर मी विचारलं होतं, "ते आयदर-ऑर, नायदर-नॉर राहिलंय ना गं? पुस्तकात तर दिसतंय." ती चप्पल पायात सरकवत म्हणाली, "सरांनी गाळलं ते. येत न्हाई म्हणले पेपरात."

पेपरात तेच आलं, एकदा नाही, वळून वळून आलं. मी त्या वाक्यांवर अंगठा ठेवून बघितला, काहीच हाती लागेना. तिथं दोन मालक होते आणि कुणाचं ऐकायचं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. पुढच्या रांगेत रेखाचा पेन मात्र थांबत नव्हता. बाहेर आल्यावर ती म्हणाली, घाईत उत्तरं ठोकली. मी मानलं... पुढं निकाल लागला, ती जालन्याच्या एका कार्यालयात लागली, मी थोडक्यात हुकले. पेढे मीच वाटले मामाच्या घरी. त्यानंतर एकदा गाडीत तिच्या क्लासातली नसरीन भेटली. मी सहज म्हणाले, तुमच्या सरांनी तो एक धडा गाळायला नको होता. ती माझ्या तोंडाकडं बघतच राहिली. "गाळा? अरे, महिनाभर सरने वही तो घोटके लिया! रेखा तो सबसे आगे बैठती थी."

मी तशीच पुढं जालन्याला तिच्या कार्यालयात गेले. ती जिन्याखाली आली. मी एवढंच विचारलं, "का गं?" तिनं नाकबूल केलं नाही, तेवढं तिचं खरं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "जागा थोड्या व्हत्या, मंगल." आणि वर निघून गेली. दुसऱ्या कुणी मला पाडलं असतं तर मी विसरले असते. पण जिच्या गणिताच्या गुणांसाठी माझा घसा बसला होता तिनं, माझ्या शेजारी बसून, माझ्याच डब्यातलं खात, महिनाभर रोज मला कमी शिकवलं. मी हट्टानं इंग्रजीतच एम.ए. केलं आणि हा क्लास काढला. इथं कुठलाच धडा गळत नाही.

गेल्या उन्हाळ्यात ती लेकीला घेऊन दारात उभी राहिली. आजारानं वाळली होती. आत आली नाही. "अक्षराला इंग्लिश शिकव. सगळं शिकव," म्हणाली. मी म्हणाले, "माझ्याकडं गाळायची रीत न्हाई." तिनं मान खाली घातली. मला वाटलं, आता बोलेल. एक शब्द बोलली असती तरी पुरे होतं... ती पायऱ्या उतरून गेली. तो शब्द आता येणार नाही, आणि मी त्याची किती वाट बघत होते हे मला दहाव्याला कळलं.

हे लिहिण्याआधी मी अक्षराला समोर बसवून सारं सांगितलं, आईबद्दल तिनं वर्तमानपत्रात पहिल्यांदा वाचू नये म्हणून. पोरीनं वही मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "मावशी, मम्मीनं मला सगळं ग्रामर घरीच शिकवलं. तेवढा एक धडा न्हाई. म्हणायची, तो मंगल मावशीकडूनच शिक. मी लई विचारलं, का म्हणून. सांगितलंच न्हाई."

ह्याला काय म्हणायचं, मला अजून ठरवता आलेलं नाही. राग गेलेला नाही, गेला असं लिहिणारही नाही. दुसऱ्या दिवशी मी तो धडा घेतला, कोपरान् कोपरा. सुरुवातीला उजळणी म्हणून फळ्यावर पेटी आणि मोसंब्यांचं वाक्य लिहिलं. मधले शब्द झाकायला अंगठा टेकवला आणि मागं वळून पाहिलं, तर अक्षरानं वहीवर अंगठा ठेवलेला, तसाच, जरा वाकडा. माझाही तसाच पडतो. सरळ ठेवायला मी कितीदा बघितलंय.