खोक्यावरचा फोटो

ती घटना आठवली की आजही माझा आवाज चढतो. निवृत्तीनंतर माणूस निवळतो म्हणतात. या प्रकरणापुरता तरी मी निवळलेलो नाही.

भंडारा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा ठाणेदार होतो. हद्दीत कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणणाऱ्यांचं एक जुनं गाव होतं. एके सकाळी हजेरी आटोपून टपाल पाहत होतो, तेव्हा पुणे पोलिसांचं पत्र हाती आलं. मोबाइलवर जाहिरात पाहून तिकडच्या काही महिलांनी हातमागाच्या कोसा साड्या मागवल्या होत्या. आल्या त्या नकली. पैसे जमा झालेलं बँक खातं आणि संपर्काचा नंबर, दोन्ही आमच्या हद्दीतल्या एका विणकर बाईच्या नावावर. जाहिरातीत फोटोही तिचाच, मागावर बसून हसणारी. चार दिवसांत त्यांचं पथक तिला न्यायला येणार होतं. तोवर चौकशी करून ठेवा, असं लिहिलं होतं.

त्याच आठवड्यात भंडाऱ्याच्या एका शिक्षिकेनेही आमच्याकडे तक्रार अर्ज दिला होता, साडी आणि खोक्यासकट. खोक्यावर तोच फोटो आणि पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून ते विणकरांचं गाव.

खातं तिचं, सिम तिचं, चेहरा तिचा. मला वाटलं, प्रकरण संध्याकाळपर्यंत संपेल. बाईमाणसाची चौकशी तिच्या घरी जाऊन करावी, हे मला ठाऊक होतं. तरी तिला ठाण्यात बोलावलं. त्याचं समर्थन मी करणार नाही.

बाई पन्नाशीची, विधवा, अंगाने किरकोळ. महिला अंमलदाराने तिला खुर्ची दिली तर ती काठावरच टेकली. आदल्या आठवड्यात नागपूरच्या दोन बायका गाडी करून आल्या होत्या आणि भर गल्लीत तिला चोर म्हणून शिव्या घालून गेल्या होत्या. तेव्हापासून ती मागावर बसली नव्हती. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी विचारलंच नाही.

"किती जणींना फसवलं?" मी टेबलावर हात आपटला.

"कोनाले फसवलं साहेब?"

"हा फोटो कोणाचा?"

"माहाच होय."

"मग साडी कोणाची?"

"पाह्यल्याबिगर कशी सांगू?"

उत्तर उद्धट वाटलं. हवालदाराला कपाटातून शिक्षिकेची साडी काढायला सांगितली. बाईने आधी हात पदराला पुसले, मग घडी उलगडली. काठावरून एकदा बोट फिरवलं आणि साडी परत ठेवून दिली.

"हे हातमागाचं नाई साहेब. मागावर कापड तानून धराले दोन्ही काठाईले टाचन्या लावतेत. त्याची बारीक भोकं राह्यतेत. याले एक तरी भोक दिसते का? काडेपेटी हाय का कोनापाशी?"

हवालदाराने खिशातून काडेपेटी दिली. तिने साडीचा एक धागा ओढून पेटवला. तो वितळला आणि त्याचा काळा कडक मणी झाला. मग तिने स्वतःच्या पदराच्या गाठीत राहिलेला कोशाचा एक तुटका धागा काढून पेटवला. जळक्या केसांसारखा वास सुटला आणि चिमटीत राख भुरभुरली.

"एक साडी विनाले मले आठ-दहा दिवस लागतेत. शेकड्यानं कुठून आनू?"

हवालदार माझ्याकडे पाहू लागला. मी नजर टाळली.

"तुमच्या नावाचं खातं कोणी उघडलं? कागदपत्रं कोणाला दिली होती?"

इथे ती समोरच्या साडीची घडी पुन्हा घालू लागली. मी ओरडलो, समजावलं, पुन्हा ओरडलो. शेवटी एवढंच म्हणाली, "मी नाव नाई सांगन. त्याईच्या घरचं मीठ खाल्लं हाय."

जबाब तेवढाच लिहून तिला घरी सोडलं. स्टेशन डायरीला तशी नोंद केली. पुण्याचं पथक आलं असतं तर त्या खात्याच्या आधारावर तिलाच घेऊन गेलं असतं. धागा जाळून दाखवणं हा काही कागदोपत्री पुरावा नव्हे.

तिसऱ्या दिवशी दुपारी हवालदाराला एका टेम्पोवाल्याचा फोन आला. "तुमी त्या बाईले ठान्यात बोलावलं होतं म्हने. तिच्या फोटोवाले डबे तं मी रोज कुरियरवर नेऊन राहिलो, लाखनी रोडवरच्या गोदामातून. मले वाटे, बाईनं धंदा वाढवला."

तासाभरात आम्ही दोन पंच घेऊन तिथे पोहोचलो. पूर्वी त्या गोदामात धान साठवत. आता बाहेरच्या राज्यातून आलेल्या यंत्रमागाच्या साड्यांचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले होते. एका टेबलावर लेबल छापायचं यंत्र, शेजारी बाईच्या नावाचं सिम असलेला फोन, आणि कोपऱ्यात हजारभर रिकामी खोकी. प्रत्येकावर ती बाई हसत होती. पंचनामा चालू असताना मी त्या कोपऱ्याकडे पाठ करून उभा राहिलो.

गोदाम कापडाच्या एका व्यापाऱ्याच्या मुलाने भाड्याने घेतलेलं होतं. त्या व्यापाऱ्याचं घराणं दोन पिढ्या त्याच गावातल्या विणकरांचा माल घेत आलेलं. मुलगा तिशीचा, बाहेर शिकून आलेला. ठाण्यात आला तो शांत, मला समजावायच्या तयारीने.

"सर, हे ब्रँडिंग आहे. ऑनलाइन गिऱ्हाईक कापड नाही, गोष्ट विकत घेतं. विणकर बाईची गोष्ट चालते."

"आणि आतली साडी?"

"मागणी हजारोंची. बाई महिन्याला तीन साड्या देते. त्यावर ऑनलाइन दुकान कसं चालणार? आणि खात्याच्या अर्जावर सही तिनेच केली आहे."

"कशाचा अर्ज म्हणून सही घेतली?"

तो पुन्हा ब्रँडिंगवर आला. अंगझडतीत त्याच्या पाकिटातून बाईच्या नावाचं एटीएम कार्ड निघालं. ते मी टेबलावर ठेवलं. रात्रीपर्यंत कबुली आली: कारागिरांचं ओळखपत्र काढून देतो म्हणून त्याने तिचे कागद, सह्या आणि यंत्रावर अंगठा घेतला होता, त्यावर खातं आणि सिम काढलं होतं, आणि मागावरचा फोटोही त्याच दिवशी काढला होता.

नोकरीत मी चोर पाहिले, दरोडेखोर पाहिले. चोराला आपण चोरी केली हे माहीत असतं. तो मान खाली घालतो, नाहीतर खोटं बोलतो. हा मला धंदा शिकवत होता.

दुसऱ्या सकाळी मी बाईचा पुरवणी जबाब घ्यायला तिच्या घरी गेलो. या वेळी मीच गेलो. लिहायला बसतो तोच म्हातारा व्यापारी दारात आला. माझ्यासमोर हात जोडले, आणि मग तिच्यासमोर.

"वहिनी, वर्षभराचा सारा माल मी घेतो. भावही वाढवून देतो. तुमी इतकंच म्हना का खातं तुमीच त्याले वापराले देल्लं होतं."

मी त्याला हाकलणार होतो. बाईने हातानेच मला थांबवलं.

"शेठजी, माहा मालक दवाखान्यात होता तवा तुमी रातच्याले धावत आलते. ते मी मरेपर्यंत नाई विसरन. म्हनून ठान्यात तुमचं नाव नाई घेतलं. पन माह्या दारात येऊन लोक थुकून गेले. माहं तोंड तुमच्या पोरानं विकलं शेठजी. मले इचारलं बी नाई." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "लिहा साहेब."

पुण्याचं पथक आलं आणि मुलाला घेऊन गेलं. आम्हीही शिक्षिकेच्या तक्रारीवर स्वतंत्र गुन्हा नोंदवला आणि दोषारोपपत्र पाठवलं. काही आठवड्यांत तो जामिनावर बाहेर आला. त्याचं मोबाइलवरचं जाहिरातीचं पान बंद झालं, पण तोच फोटो दुसऱ्या पानांवर निघाला. ती पानं चालवणारे कुठले कोण, ते सायबर सेललाही सांगता आलं नाही. फोटो काढून टाका म्हणून मी ती पानं दाखवणाऱ्या कंपनीला वारंवार लिहिलं. दर वेळी यंत्राने पाठवलेलं तेच उत्तर आलं. गावाचं नुकसान वेगळंच. प्रदर्शनात खरा माल घेऊन बसलेल्या विणकरांना गिऱ्हाइकं विचारू लागली, "तुम्ही त्या फसव्या गावचेच ना?" दोन घरांनी माग मोडले. त्यातला एक माणूस आता भंडाऱ्याजवळच्या शहापूरला महामार्गावरच्या ढाब्यावर भांडी घासतो. सगळं डिजिटल झाल्याने कारागिराला बाजार थेट मिळेल, असं मी शिबिरांतून ऐकलं होतं, आणि गणवेशात मंचावर बसून टाळ्याही वाजवल्या होत्या. बाजार आला खरा. तो ज्याच्या हातात यंत्र होतं, त्याच्याकडे आला.

निवृत्तीच्या थोडं आधी कोर्टात तारखेला ती भेटली. सकाळपासून बाकावर बसून होती. आरोपीच्या वकिलाने मुदत मागितली आणि मिळाली. दिवसाची मजुरी बुडाली होती, तरी त्याबद्दल काही बोलली नाही. फाटकापर्यंत माझ्याबरोबर चालत आली आणि तिथे थांबून सरळ विचारलं, "साहेब, एक इचारू? त्या दिवशी तुमी मले काहून बोलावलं? पह्यले त्याले काहून नाई शोधलं?"

उत्तर मला माहीत होतं. पडद्यावर तिचा चेहरा दिसत होता आणि त्याचा दिसत नव्हता. या नव्या व्यवहारात ज्याचं नाव पुढे असतं तो बहुधा मालक नसतो, मालक मागे असतो. आणि मी तीस वर्षं पोलिसात काढूनही जे पुढे दिसलं त्यावरच हात टाकला. त्या पोराचा मला राग आहेच. पण त्याने माझ्यासारखे ठाणेदार गृहीत धरले होते आणि त्याचा हिशेब चुकला नव्हता, याचा राग जास्त आहे.

"माझं चुकलं, बाई," मी म्हणालो.

तिने मान हलवली. माफ केलं असं म्हणाली नाही, आणि तसं म्हणायचं तिला कारणही नव्हतं. "पुढची तारीख लिहून द्या," म्हणाली, आणि मी फाटकातच उभा राहून तिला ती लिहून दिली.