सुशीलासाठी उतरवलेलं बायबल

पक्षाघातानं सुशीलाचा उजवा हात गेला आणि वाचाही गेली. पेणला आम्ही शेजारणी, एका कुंपणाच्या अलीकडे-पलीकडे. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती, मी शाळेत मराठी शिकवत होते. दोघीही एकट्याच. निवृत्तीनंतर सकाळचा चहा कुंपणावरच व्हायचा. आजारपणात तिचा भाऊ तिला रोह्याला आपल्या घरी घेऊन गेला आणि माझ्या सकाळी लांबत गेल्या. मी गाडीनं तिला भेटायला जायचे. ती माझ्याकडे बघायची, ओठ हलवायची, आवाज मात्र फुटायचा नाही. परतताना खिडकीशी बसून मी एकच मागणं मागायचे, कुणाकडे ते मलाच नीट ठाऊक नव्हतं. एकदा तिनं माझ्याशी बोलावं. रागावली तरी चालेल.

देवाधर्माच्या बाबतीत मी तशी कोरडीच. आमच्या गल्लीत बाराही महिने गणपती घडतात. फळीवर ओळीनं मांडलेले, डोळे रंगवायचे राहिलेले देव बघत मी म्हातारी झाले. मांडव जितका मोठा, तितकी माझी श्रद्धा अंग चोरते. सुशीलाचं वेगळं होतं. सकाळी साडीला इस्त्री करता करता ती हलक्या आवाजात काहीतरी म्हणायची. कुंपणापलीकडे मला शब्द नीट कळायचे नाहीत, पण सूर कळायचा. घरातल्याच कुणाशी तरी बोलतेय असा. मला त्याचा हेवा वाटायचा. असं कुणाशी बोलणं मला कधी जमलं नव्हतं.

एकदा तिचा भाऊ मला म्हणाला, “बाई, तुम्ही येताच हाय तर तिला बायबल वाचून दाखवा ना. तिचं पुस्तक पुरात भिजून गेलं. माझं काय खरं नाय, कंपनीतली शिफ्ट करून आलो की वाचता वाचता मीच झोपतो. फोनवर असतंय म्हणे सगळं.”

फोनवर खरंच सगळं होतं, आणि तीच पंचाईत होती. शोधायला गेले तर ॲपांची रांगच लागली. प्रत्येकाला लोकांनी तारे दिलेले, पण पुरेपूर तारे एकालाही नाहीत. देवाच्या शब्दात कुणाला काय कमी वाटलं असेल, याचं मला कुतूहल वाटलं. पहिलं ॲप उघडताच व्हायोलिन सुरू झालं आणि डोंगरामागून सूर्य उगवला. तो मावळायचं नाव घेईना, म्हणून मी ते काढून टाकलं. दुसरं ॲप रोज वाचलं की पदक द्यायचं आणि एक दिवस चुकला की नाराज व्हायचं. ती नोकरी मी आयुष्यभर केली होती. तिसरं साधं होतं, अक्षर मोठं, मराठी सोपी. आजारी माणसाला सोपं तेच बरं, असा शिक्षिकेच्या अकलेनं विचार करून मी ते ठेवलं.

आणि वाचायला लागले ते पोथीसारखं. अंघोळ करून, चपला बाहेर काढून, पहिल्या पानापासून. आमच्याकडे पारायणात अध्याय गाळत नाहीत, मधूनच कुठलंही उघडत नाहीत. बायबलही तसंच वाचायचं असतं असं मी धरून चालले. सुरुवात सुरेख होती. मग वंशावळी आल्या. अमक्याला तमका झाला, तमक्याला अमका झाला. सुशीला छताकडे बघत पडलेली, आणि मी एकही नाव न गाळता वाचतेय. शेवटी तिची भावजय दारातून म्हणाली, “बाई, ही उठायची तेवा उठेल, पण ही सगळी मयत झालेली माणसं मोजून आमीच आडवे पडू हां!” मी हसले. घरी आल्यावर मात्र रडू आलं. माझ्या वाचण्यानं तिच्या चेहऱ्यावरची एक रेघही हलली नव्हती.

पुढच्या खेपेला गाडीत फोन अडून बसला. रोह्याच्या त्या घरात रेंज येत नाही, दर पानाला अंगणात जाऊन यावं लागायचं, म्हणून पुस्तक आधीच फोनमध्ये उतरवून ठेवायचं होतं, आणि ते कसं करतात हे मला येत नव्हतं. समोर बुरख्यातली एक बाई मांडीवर सामानाची पिशवी घेऊन बसली होती. बराच वेळ माझी धडपड बघून तिनं हात पुढे केला. “आणा मावशी इकडं. माझा नवरा कुवेतला हाय, फोन म्हणजे माझा अर्धा संसार.”

मी तिला सगळं सांगितलं, पारायणासकट. ती हसली नाही. म्हणाली, “आजाऱ्यापाशी नवीन कशाला वाचायचं? आमच्यात तर जे त्याला येतं तेच म्हणतात. तुमच्या मैत्रिणीला काय पाठ हाय?”

कुंपणापलीकडचा एकच शब्द मला नक्की आठवत होता, मेंढपाळ. तिनं तो शोधला, एक स्तोत्र निघालं. मग ॲपनं विचारलं, कोणतं भाषांतर उतरवायचं? भाषांतरं अनेक असतात हेसुद्धा मला तेव्हाच कळलं. “हे सगळ्यात छोटं हाय, रेंज जायच्या आत उतरेल,” असं म्हणून तिनं शेवटच्यावर बोट ठेवलं. नागोठणं मागे पडलं आणि रेंज गेली. पुस्तक उतरलं होतं. रोह्याच्या गर्दीत ती कुठे गेली ते कळलं नाही. नाव विचारायचं राहूनच गेलं.

सुशीलाजवळ बसून वाचायला लागले, तर भाषा फार जुनी. वर्गात कुणी असं लिहिलं असतं तर मी लाल शाईनं खुणा केल्या असत्या. दुसरी ओळ वाचताना मला आणखी एक आवाज ऐकू आला. घोगरा, अडखळता, पण ओळखीचा. सुशीला माझ्याबरोबर म्हणत होती. मी थांबले. ती थांबली नाही. डोळे मिटून, एकही शब्द न चुकता तिनं स्तोत्र शेवटापर्यंत नेलं. भावजय पिठाच्या हातानं दारात उभी होती.

“सुशी,” मी म्हटलं, “मी आलेय गं.” तिनं डोळे उघडले. ओठ हलले. आवाज आला नाही.

लहानपणी पाठ झालेलं मेंदूत वेगळ्या जागी राहतं, असं डॉक्टरांनी समजावलं. असेल तसं. माझं त्यांच्याशी भांडण नाही. गाडीतल्या त्या बाईला माझ्यासमोर कुणी बसवलं, एवढं ते सांगू शकत नाहीत आणि मीही विचारत नाही.

अजूनही ती स्वतःचं असं काही बोलत नाही. कुंपणाजवळ चहा घेताना अजूनही माझा कान पलीकडे लागतो. तिनं माझ्याशी बोलावं असं मी मागत होते. ती बोलली, पण माझ्याशी नाही. ज्याच्याशी ती रोज बोलायची, त्याच्याशी. आधी ते लागलं मला. आता रोह्याला जाते, पहिली ओळ वाचते आणि गप्प होते. मग ती दोघं बोलतात. मी त्या खोलीत बसलेली असते, आणि कुणी मला उठ म्हणत नाही.