माळ्यावरची धामण

कांताबाई बोलायला लागली की घड्याळालाही जांभई यावी, अशी बाई. पण एका गोष्टीपाशी तिचं तोंड बंद व्हायचं.

नाग नदीचं पाणी वस्तीत शिरलं तेव्हा घरात ती एकटीच होती. सून मयुरा माहेरी, खापरखेड्याला. कांताबाई कशीबशी माळ्यावर चढली, तर पापडाच्या डब्यांमागं साप आधीच येऊन बसलेला. शेतावर वाढलेली बाई, धामण तिनं लगेच ओळखली. विष नाही, उंदरं खाणारी.

"बस वं बाई," ती म्हणाली. "तुयंही घर बुडालंच असंन."

एका टोकाला ही, दुसऱ्या टोकाला ती. दिवसभर कांताबाई तिच्याशी बोलली, सुनेच्या कागाळ्याही सांगून झाल्या. मध्ये न बोलता ऐकणारं कोणी तिला जन्मात पहिल्यांदाच भेटलं.

संध्याकाळी परक्या वस्तीतली दोन पोरं नाव घेऊन आली. माळ्यावर डोकावून एकानं विचारलं, "काकू, साप आहे इथं. मारू का?"

धामण आहे, राहू दे, एवढंच म्हणायचं होतं. पण उद्या याच घरात परत यायचं, आणि ही इथंच असली तर? गरज सरो, वैद्य मरो.

"मारा गा," कांताबाई म्हणाली, आणि तोंड फिरवून नावेत बसली.

वस्तीत तिनं साप सोबतीला होता एवढंच सांगितलं. मग कुठं गेला, असं शेजारच्या गोपाळरावांनी विचारलं, तर म्हणाली, "दिसला नाही मंग."

गोपाळराव हात जोडून म्हणाले, "नागोबाच होता तो. तुमची राखण करून गेला."

झालं. पुढच्या नागपंचमीला बाया दूध-लाह्यांची ताटं घेऊन तिच्याच दारी निघाल्या. नागोबाची पूजा कांताबाईच्या भिंतीवर करायची, अन् मग तिच्या पाया पडायचं.

त्या गल्लीत दिसल्या तशी कांताबाई उठली. नागपंचमीला चुलीवर तवा चढत नाही, नागाला चटका बसतो म्हणतात. तिनं गॅस पेटवला आणि तवा ठेवला.

मयुरा धावत आली. "आई, काय करून राहिल्या? काहून असं? लोकं काय म्हणतीन?"

"म्हणू दे."

पोळी टाकल्याचा वास दारापर्यंत गेला. पुढची बाई उंबऱ्यातच थबकली. "आजच्या दिवशी तवा? शोभते का वं तुले, कांताबाई?"

"नाही शोभत," कांताबाई म्हणाली. बाया ताटं झाकून वळल्या. ती मान खाली घालून पोळी शेकत राहिली.