ओढणीखालच्या मंजिऱ्या

गॅलरीतल्या तुळशीच्या मंजिऱ्या मी खुडत नाही. खुडल्या की तुळस दाट होते, हे आई रोज ऐकवते; पण मंजिऱ्या राहिल्या की छोट्या मधमाश्या येतात, आणि त्या येऊ लागल्यापासून शेजारच्या कुंडीतली काकडी धरू लागली आहे. काल सोसायटीत डासांसाठी धूर मारायचं ठरलं. विष कुणाला निवडून मारत नाही, असं ठणकावणारं पत्रक मी लिहिलं आणि दारोदार वाटायला निघाले.

तळमजल्यावरच्या सुलभाकाकूंनी ते उभ्यानेच वाचलं. त्यांची सून डेंग्यूतून उठून परवाच घरी आली आहे. आत ती भिंतीला धरून चालत होती.

"छान लिहिलंयस," काकू म्हणाल्या. "आता तुझ्या माश्यांना म्हणावं, दोन दिवस माहेरी जाऊन या."

उरलेली पत्रकं मी तशीच वर घेऊन आले. अन्याय करणारा समोर दिसला की मला वाक्यं आपोआप सुचतात. इथे तसं कुणीच नव्हतं. एक अशक्त बाई होती आणि फुलांवर बसणारे काही जीव.

आज ऊन उतरताना खाली धुराचं यंत्र घरघरू लागलं, तेव्हा मी तुळशीवर ओढणी टाकली. फूल दिसलं नाही तर माश्या येणार नाहीत, असं मला वाटलं. त्या आल्याच. वास येतोय आणि वाट सापडत नाही, असं होऊन त्या ओढणीवरून चालत राहिल्या. मी हाताने हाकलत होते, धूर जिन्यापर्यंत आला होता, आणि त्या परत परत तिथेच येऊन बसत होत्या.