अक्काच्या गावाचा ठिपका

नव्वदच्या दशकात जळगावच्या एका कचेरीत मी नकाशे संगणकात भरायचो. कारखान्यातला क्लोरीन सुटला तर कुठवर पसरेल, त्याचं वर्तुळ जीआयएस ही नकाशांची संगणकप्रणाली काढायची. वर्तुळात जी गावं येतील तिथे भोंगे बसणार होते. मी जुन्या नकाशावरचं गाव टिपायचं आणि यादीतल्या त्याच नावाची लोकसंख्या त्याला जोडायची. गावं शेकडो, आणि मी स्वतःला फार शहाणा समजायचो.

माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं सासर त्या कारखान्याच्या कुंपणालगत. जरा वास आला की सगळं गाव शेतात पळायचं. दिवाळीला गेलो तेव्हा भरीत वाढता वाढता तिने विचारलं, "भाऊ, तुना नकाशामा आमनं गाव शे का?"

"शे ना, अक्का. मीच टाकेल शे. भोंगा वाजना तरच घर सोडजो."

पुढे एका दुपारी खरंच गॅस सुटला. बातमी आली तशी मी संगणकासमोर बसलो. वर्तुळातली लोकसंख्या: निरंक. अक्काचं गाव शोधलं, तर ठिपका दूर तापीकाठी होता. ते मूळ गाव तिच्या लग्नाआधीच धरणात बुडालं होतं. माणसं कारखान्याजवळ येऊन वसली आणि येताना गावाचं नाव सोबत घेऊन आली. माझा नकाशा धरणाच्याही आधीचा. नाव जुळलं म्हणून मी पुढे सरकलो होतो. ज्यांच्या घरी इतकी वर्षं जेवलो, त्यांना मी स्वतःच्या हाताने पाण्याखाली बसवलं होतं. मी उठून तसाच निघालो.

दवाखान्यात अक्काला धड बोलवत नव्हतं. शेजारणींनी हाका मारल्या, तरी ती उंबऱ्यात बसून राहिली होती.

"भोंगा वाजना नही, म्हनीसन मी बठी ऱ्हायनू," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती.

ठिपका हलवायला मला मिनिटही लागलं नाही. मग गावात भोंगा बसला. अक्काचा दमा मात्र गेला नाही. आधी भोंगा बसलाच नव्हता, हे मी तिला कधी सांगितलं नाही. आधीचा त्या दिवशी बिघडला असेल आणि हा त्याच्या जागी आला असेल, असंच ती धरून चालली. आणि धापा टाकत शेजारणींना शेवटपर्यंत सांगत राहिली, "आमनं गाव मना भाऊनी नकाशामा टाकेल शे."